लांब नळीची बाटली आणि आमचा थर्मास



गेल्या महिन्यात नातवाने बाटलीतलं दूध अर्धं ठेवलं. सून अंघोळीला गेली होती. मी बाटलीला झाकण लावून बाजूला ठेवली, म्हटलं पुन्हा रडला की देता येईल. ती बाहेर आली, थोड्या वेळाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "आई, ते आता टाकायचं." आणि सिंकमध्ये ओतलंसुद्धा. दूध मोरीत जाताना पाहिलं की माझ्या पिढीच्या बाईच्या पोटात कालवतं. पण मी गप्प राहिले. मला बोलायला तोंड नव्हतं, ते का, ते पुढे सांगते.

त्यानंतर मी बाटलीचा इतिहास वाचायला घेतला, आणि वाचताना कितीदा तरी पुस्तक मिटून ठेवलं.

रबराची बोंडी येण्याआधी युरोपात बाटलीच्या तोंडाला चामडं, कापड, नाहीतर वासराच्या किंवा गाईच्या सडाची कातडी बांधत. लिहितानाही अंगावर काटा येतो. 1845 मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी रबरी बोंडीचं पेटंट घेतलं, पण त्या वेळच्या रबराला वास यायचा, म्हणून जुन्या तऱ्हा बरीच वर्षं चालू राहिल्या. इंग्लंडमध्ये 1861 साली इसाबेला बीटन यांचं घरकामावरचं पुस्तक आलं. ते घराघरांत वाचलं जाई. त्यात बाटली रोज धुवा, बोंडीतून कोमट पाणी पिळून काढा, असं नीट सांगितलेलं आहे. पण त्याच ठिकाणी असंही म्हटलंय की बोंडी एकदा बांधली की ती काढायची गरज नाही, पंधरवड्याने बदलली तरी चालेल. बाई निष्काळजी नव्हत्या. बांधलेल्या जागी, दोऱ्याखाली काय साचतं ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मग आली लांब नळीची बाटली. चपटी काचेची बाटली, तिच्या बुचातून निघालेली रबराची लांब नळी, आणि नळीच्या टोकाला बोंडी. बाळ पाळण्यात पडल्या पडल्या आपलं आपण चोखायचं, आई कामाला मोकळी. 'ममा', 'अलेक्झांड्रा' अशी गोड नावं देऊन त्या विकल्या गेल्या. नळीच्या आत दूध चिकटून नासायचं आणि तिथवर ब्रश पोचायचा नाही. डॉक्टर विरोध करत होते, लोक तिला 'खुनी बाटली' म्हणू लागले होते, तरी खप थांबला नाही. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात. उन्हाळ्यातली हगवण हे त्यातलं एक मोठं कारण, आणि तिचा तडाखा वरच्या दुधावरच्या बाळांना जास्त. हजारात दीडशे. कॉमर्सच्या सवयीने मी आकडा पटकन वाचते, हा मात्र पटकन वाचता आला नाही.

दूध नासतं ते सूक्ष्म जीवांमुळे, हे लुई पाश्चर यांच्या कामातून उमगल्यावर चित्र पालटू लागलं. 1886 मध्ये जर्मनीच्या फ्रान्झ सॉक्सलेट यांनी एकेका वेळेचं दूध वेगवेगळ्या लहान बाटलीत भरून, बाटल्याच उकळत्या पाण्यात तापवायची रीत काढली. मला सगळ्यात आवडली ती फ्रान्समधल्या फेकाँ गावची गोष्ट. तिथे डॉ. लेओं द्युफूर यांनी 1894 मध्ये 'दुधाचा थेंब' नावाचं केंद्र काढलं. आया रिकाम्या बाटल्या परत आणायच्या आणि दिवसभराच्या भरलेल्या बाटल्या टोपलीत घेऊन जायच्या. जितक्या वेळा पाजायचं तितक्या बाटल्या. बाळाचं वजनही तिथेच होई. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्राउस यांनी 1893 पासून पाश्चराइज केलेलं दूध गरिबांना द्यायला सुरुवात केली होती. आणि 1910 मध्ये फ्रान्सने नळीच्या बाटलीवर कायद्यानेच बंदी घातली. तोवर दोन्ही टोकांना उघडी, होडीच्या आकाराची बाटली आली होती, म्हणजे आरपार धुता येणारी. तसली एक माझ्या आईच्या फडताळात होती.

आता माझी गोष्ट.

1985 साली माझ्या मोठ्या मुलाला वरचं दूध द्यावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, बोंडल्याने पाज. आमच्याकडे चांदीचं होतं, पन्हाळीसारखी चोच असलेलं. मला ते जुनाट वाटलं. मी बाटली आणली, रोज उकळायचे, त्यात कसूर नव्हती. पण रात्री उठून चूल कोण पेटवणार? म्हणून नऊ वाजता दूध तापवून, पाणी-साखर घालून थर्मासमध्ये भरायचे आणि एक वाजता, चार वाजता त्यातलं ओतून द्यायचे. कोमट असायचं, आयतं. मनात शंकाही नव्हती, कारण आपल्याकडे तापवलेल्या दुधाची मर्यादा चोवीस तासांची धरतात, लहानपणापासून तेच शिकले होते. पहाटेपर्यंत त्या कोमटपणात जंतूंची वाढ जोरात होते हे कुणी सांगितलं नव्हतं. वैशाखात त्याला जुलाब लागले. दोन दिवसांत डोळे खोल गेले, टाळू बसली. सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी दूध कसं देता विचारलं आणि मी थर्मास म्हणाले, तेव्हा ते रागावले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मी थर्मासच्या बुचाला नाक लावलं. आंबूस वास. मी माझी लांब नळीची बाटलीच विकत आणली होती.

काही बहिणी अभिमानाने म्हणतात की पाणी गाळणं-उकळणं सांगणाऱ्या आपल्या आचार्यांना जंतुशास्त्र ठाऊकच होतं. मी असं म्हणत नाही. ते नियम जीवदयेसाठी आहेत, त्यांची जागा त्यांना. दूध काढल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत गाळून तापवावं, ही शिस्त स्वच्छतेलाही धरून आहे. पण पिणाऱ्या मोठ्या माणसाची मर्यादा तीन महिन्यांच्या बाळाच्या बाटलीला लावणं ही माझी चूक, शास्त्राची नव्हे. बाटल्या उकळून आपण जीवच मारतो ना, असंही एकीने विचारलं होतं. मारतोच. गृहस्थाची ती आरंभी हिंसा आहे, स्वयंपाक-झाडलोटीसारखी. ती कमी करायची तर पाजून झाल्या झाल्या बाटली विसळावी, म्हणजे मुळात वाढतच कमी.

सुनेकडचा नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या सूचनांशी जुळतो. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. म्हणून पाणी उकळून, ते 70 अंशांच्या खाली जाण्याआधीच पावडर त्यात मिसळायची. अर्ध्या तासाहून जास्त निवू द्यायचं नाही. मग बंद बाटली थंड पाण्याखाली धरून, मनगटावर थेंब टाकून पाहायचं. दोन तासांत संपलं नाही तर टाकायचं. मला आधी वाटे पाणी कोमट झाल्यावर पावडर घालावी, गुठळ्या होत नाहीत. बोंडी, कडी, झाकण सगळं सुटं करून ब्रशने घासायचं, आणि भांड्यात उकळताना बाटली तिरपी बुडवायची, आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कोरडीच राहते. आपल्याकडच्या 1992 च्या कायद्याने दुधाच्या पावडरीबरोबर बाटल्यांच्या जाहिरातींवरही बंदी आहे, आणि आपल्या सरकारच्या सूचना बाटलीपेक्षा वाटी-चमच्याकडे झुकतात. कारण साधं: वाटीला कोपरे नसतात.

परवा मी सुनेला हे सगळं सांगितलं, थर्माससकट. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते चांदीचं बोंडलं कुठे आहे?" कपाटाच्या वरच्या खणात, मऊ कापडात गुंडाळलेलं होतं. चोचीत काळपट साचलं होतं. ते निघेना, म्हणून तिने बाटलीचा बारीक ब्रश आणला.