फेसाचा तोटा कुणाच्या माथी?

पिंपात भरलेली सगळी बियर ग्लासात उतरत नाही. थोडी गाळासकट तळाशी राहते, थोडी नळीत अडकते, थोडी फेस होऊन ग्लासाच्या कडेवरून वाहून जाते. ही नासाडी थांबवण्यासाठी इंग्लंडच्या पबवाल्यांनी दोन शतकं डोकं चालवलं. पण त्यांच्या बहुतेक युक्त्यांनी तोटा संपला नाही, मालकाच्या गल्ल्यातून निघून तो गिऱ्हाइकाच्या ग्लासात जाऊन बसला. पूर्वी पोऱ्या तळघरात उतरून पिंपाच्या तोटीखाली जग भरून आणायचा. जोसेफ ब्रामा या कुलुपांसाठी गाजलेल्या कारागिराने १७९७ साली पंपाचं पेटंट घेतलं आणि पुढे काउंटरवर उभं राहूनच दांड्याने बियर ओढता येऊ लागली. खेपा वाचल्या, हिंदकळणं थांबलं. मात्र नळीत रात्रभर राहिलेली बियर सकाळी मोरीत ओतायची की पहिल्या गिऱ्हाइकाला द्यायची, हा पेच नव्याने आला. यॉर्कशरमधल्या ‘ऑटोव्हॅक’ने तर कमाल केली. ग्लासाखालच्या तबकात सांडलेली बियर हे यंत्र पुन्हा नळीत ओढतं आणि ताज्या बियरमध्ये मिसळतं. तिकडच्या लोकांना सायीसारखा दाट फेस लागतो, तो आणायचा तर ग्लास उतू जाणारच, असं त्याचे पाठीराखे सांगतात. ते खरंही आहे. पण वाढणाऱ्याच्या बोटांवरून ओघळलेली बियर पुढच्याच्या ग्लासात जाते, हेही तितकंच खरं.

तोटा खरोखर घटवणारे उपायही झाले, हा आक्षेप रास्त आहे. बियर गरम झाली किंवा दाब उतरला की तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि नळातून नुसता फेस येतो. गारवा आणि बाहेरून दिलेला वायू यांनी हे आटोक्यात आणलं. गाळून, पाश्चराइझ करून बंद केगमध्ये भरलेली बियर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळीकडे पसरली, ती याच सोयीमुळे. नासाडी घटली, पण किंमत चवीने मोजली, असं म्हणणाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही पिणाऱ्यांची संघटना काढली. मला त्यांची तक्रार पटते.

खरी मेख ग्लासात आहे. आपल्याकडे दुधाच्या मापात फेस दिसला की ‘बसू द्या आधी’ म्हणतात, तेच इथे लागू. काठोकाठ भरल्यावर ज्यात ५६८ मिलिलिटर, म्हणजे एक पाइंट मावतो, त्या ग्लासात फेस आला की बियर कमी भरणार. पूर्ण द्यायची तर सांडणार. थोडा मोठा ग्लास आणि त्यावर मापाची रेघ, एवढ्याने भांडण मिटतं. म्युनिकमध्ये तर कमी माप देणाऱ्यांविरुद्ध १८९९ मध्येच संस्था निघाली होती. तिथे अपारदर्शक मातीच्या मगात फेसाखाली किती बियर आहे ते कळायचंच नाही. मोठे ग्लास महाग पडतात, असं ब्रिटिश पबवाले म्हणतात. पण रोज सांडणारी बियर फुकट नसते. फेस मापात धरू नये, असं कलम १९८५ च्या ब्रिटिश वजन-माप कायद्यात होतं. ते कधी अमलात आलंच नाही. धंद्याच्या मार्गदर्शक नियमांनुसार फेसासह ग्लासात किमान ९५ टक्के द्रव असला की पुरे. त्या हिशेबाने ७२ पाइंटांच्या पिंपातून कागदावर ७५ ग्लास निघतात.