ब्राउनिंग सुपरपोज्ड : मूल्यपारख
एकावर एक नळ्यांची, छर्‍यांची दुनळी बंदूक. जॉन ब्राउनिंग यांच्या अखेरच्या रचनांपैकी एक. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मुलगा व्हॅल याने काम पुढे नेले. १९३१ पासून ती बेल्जियममधील एफएन कारखान्यात बनू लागली. हाताने केलेली जुळणी आणि कोरीवकाम हे तिचे खरे वैभव.

पारख करताना आधी दस्ता पाहावा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही दस्त्यांसाठी मिठाने सुकवलेले अक्रोडाचे लाकूड वापरले गेले; लाकडाआडचे पोलाद त्याने गंजते. वरून चकाकणारी बंदूक आतून पोखरलेली असू शकते, म्हणून स्क्रू काढून तपासणे अत्यावश्यक. कापलेल्या नळ्या, नव्याने चढवलेला निळा मुलामा यांनी किंमत घटते. मूळ झीज प्रामाणिक, म्हणून अधिक मोलाची.