बेडफर्डशर

दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीविरोधी गस्तीसाठी वापरलेला ब्रिटिश मच्छीमार ट्रॉलर. १९३५ मध्ये स्मिथ्स डॉक कंपनीने मिडल्सब्रोजवळ तो बांधला. भार ४४३ टन; लांबी सु. ४९ मी.; वेग सु. १२ नॉट, इंधन दगडी कोळसा. १२ मे १९४२ रोजी नॉर्थ कॅरोलायनाच्या (अमेरिका) किनाऱ्यालगत बुडाला.

ग्रिम्सबीसारख्या बंदरांतले ट्रॉलर मासळीसाठी थेट आइसलंड आणि त्याच्याही उत्तरेपर्यंत जात, त्यामुळे अटलांटिकची वादळे त्यांना नवी नव्हती. जाळे ओढणाऱ्या विंचवर पाणसुरुंगांचे दोर कापण्याची तारही ओढता येई. शिवाय जहाजाबरोबर दर्यावर काम केलेले खलाशीही मिळत. म्हणूनच युद्ध पुकारण्यापूर्वीच, ऑगस्ट १९३९ मध्ये, ब्रिटिश नौदलाने बेडफर्डशर ताब्यात घेतला. त्यावर चार इंची तोफ, मशीनगन, डेप्थ चार्ज आणि पाण्याखालची पाणबुडी शोधणारे ॲस्डिक यंत्र बसवले. या ट्रॉलरांच्या गस्ती सेवेचे मुख्य ठाणे लोवेस्टॉफ्टला होते. तिथल्या ढिल्या शिस्तीवरून एका विनोदी रंगनटाच्या नावाने तिला ‘हॅरी टेटचे आरमार’ म्हणत. टवाळी करणाऱ्यांना किनारपट्टीची राखण मात्र याच आरमाराकडून करून घ्यावी लागली.

जानेवारी १९४२ पासून जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालवाहू आणि तेलवाहू जहाजांची कत्तल मांडली. अमेरिकेकडे गस्तीनौका अपुऱ्या होत्या, जहाजे ताफ्याविना एकटी निघत आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या उजेडात त्यांची आकृती पाणबुडीला स्पष्ट दिसे. दीड वर्षापूर्वी अमेरिकेकडून ५० जुन्या विनाशिका घेणाऱ्या ब्रिटनने आता उलट २४ ट्रॉलर मदतीला पाठवले. त्यांतला नॉर्दर्न प्रिन्सेस वाटेतच बुडाला. बेडफर्डशरने मोअरहेड सिटी येथे तळ टाकून केप हॅटरसच्या आसपास गस्त सुरू केली. पृष्ठभागावर १७ नॉटने पळणाऱ्या पाणबुडीला तो गाठू शकला नसता. पण गस्तीनौका दिसली की पाणबुडीला खाली जावे लागे, आणि पाण्याखाली तिचा वेग फारच कमी होई. या ट्रॉलरांचा खरा उपयोग हाच होता. किती पाणबुड्या बुडवल्या यावरून त्यांची कामगिरी मोजणे अन्यायाचे ठरेल.

११ मेच्या रात्री बेडफर्डशर ऑक्राकोक बेटाजवळ असताना ग्युंटर क्रेख याच्या यू-५५८ या पाणबुडीने त्याला गाठले. आधीचा मारा चुकला. नंतरच्या टॉर्पेडोने ट्रॉलर फुटला. मदतीचा संदेश गेलाच नाही आणि जहाजावरचा एकही जण वाचला नाही. एक स्टोकर तेवढा जहाज सुटण्याच्या वेळी न पोहोचल्याने बंदरावर राहिला होता. ट्रॉलरचे काय झाले हे नौदलाला कळले ते १४ मे रोजी ऑक्राकोकच्या किनाऱ्याला मृतदेह लागल्यावर.

त्यांतला एक होता सब-लेफ्टनंट टॉमस कनिंगहॅम. एप्रिलमध्ये सॅन डेल्फिनो या बुडालेल्या ब्रिटिश तेलवाहू जहाजावरच्या खलाशांच्या दफनासाठी नौदल गुप्तवार्ता विभागाचे आयकॉक ब्राउन ब्रिटिश झेंडे मागायला आले, तेव्हा ते याच अधिकाऱ्याने दिले होते. कनिंगहॅमची ओळखही ब्राउन यांनीच पटवली, आणि त्याच झेंड्यांपैकी एक त्याच्या शवपेटीवर आला. दुसरा देह बिनतारी संदेशवाहक स्टॅन्ली क्रेग याचा होता. पुढे आणखी दोन मृतदेह मिळाले, त्यांची ओळख पटली नाही. ऑक्राकोकवरची ही चार थडग्यांची जागा ब्रिटिश दफनभूमी म्हणून राखली असून दर मे महिन्यात तिथे लष्करी मानवंदना दिली जाते.

ट्रॉलर बुडाला त्याच आठवड्यात या किनाऱ्यावर ताफापद्धत सुरू झाली. त्यानंतर पाणबुड्यांना तिथे पूर्वीसारखी सोपी शिकार मिळेना, आणि त्या हळूहळू इतर समुद्रांकडे वळल्या. अमेरिकेला आलेल्या ट्रॉलरांपैकी किंग्स्टन सिलोनाइट जूनमध्ये व्हर्जिनियाजवळ जर्मन पाणसुरुंगावर आदळून बुडाला. यू-५५८ जुलै १९४३ मध्ये बिस्केच्या उपसागरात विमानहल्ल्यात बुडाली. क्रेख जिवंत हाती लागला.