एल्फिन्स्टन महाविद्यालयाची १८२७ मधील योजना आणि तिचे न पाळलेले कलम

१/ भिवंडीसारख्या शहरात नवे महाविद्यालय असावे की नसावे, असल्यास कोणत्या विद्याशाखेचे, हे आज विद्यापीठाच्या पंचवार्षिक बृहत् आराखड्यावर ठरते. विद्यापीठ, त्याचा कायदा आणि सरकारचे शिक्षणखाते यांपैकी काहीही नव्हते, त्या काळात मुंबईच्या नागरिकांनी एका महाविद्यालयाची दीर्घ पल्ल्याची योजना आखली होती. तिची आणि तिच्यातील न पाळल्या गेलेल्या एका कलमाची ही हकिगत. #थ्रेड

२/ पेशवाईच्या अस्ताच्या पुढच्या वर्षी, १८१९ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. आठ वर्षांनी, नोव्हेंबर १८२७ मध्ये, ते निवृत्त झाले. मावळत्या गव्हर्नरचे स्मारक म्हणून पुतळा उभारण्याची त्या काळची रीत होती, आणि एल्फिन्स्टन यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये आलाही. शहरातील हिंदी नागरिकांनी मात्र आणखी एका स्मारकाचा विचार केला.

३/ त्यांनी वर्गणी जमवली. हिंदू, पारशी, मुसलमान व्यापारी आणि प्रांतातील काही संस्थानिक यांच्याकडून दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली. १८२७ च्या मानाने ही प्रचंड रक्कम होती. तिचे काय करावे, याविषयी जो ठराव झाला, तो आजही काळजीपूर्वक वाचण्याजोगा आहे.

४/ ठरावाचा आशय असा : ही रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवावी. मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजातून इंग्रजी भाषा आणि युरोपातील कला, शास्त्रे व साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांची पदे निर्माण करावीत. व्याज जितके येईल तितकी पदे. देखरेख ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या संस्थेची असावी.

५/ शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. या पदांवर ब्रिटनमधून आणलेले विद्वान नेमावेत. पण एतद्देशीय लोक ती पदे सांभाळण्यास पूर्ण लायक होतील तो सुदिन येईपर्यंतच. म्हणजे योजनेच्या जन्मातच तिचा शेवटचा टप्पा लिहिलेला होता : परका शिक्षक ही तात्पुरती सोय आणि देशी प्राध्यापक हे साध्य.

६/ या ठरावात इमारतीचा उल्लेख दुय्यमसुद्धा नाही. पैसा होता तो पदांसाठी. महाविद्यालय म्हणजे प्रथम शिकवणारा माणूस आणि त्याच्या वेतनाची कायमची तजवीज, हे सूत्र येथे स्पष्ट दिसते. घाईही नव्हती. निधीवर व्याज साठू दिले गेले आणि सात-आठ वर्षांनी नेमणुकांना प्रारंभ झाला.

७/ १८३५ मध्ये ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोन प्राध्यापक इंग्लंडहून आले. पहिल्याकडे गणित व पदार्थविज्ञान, दुसऱ्याकडे साहित्य. त्यांच्याही आधी, १८३४ च्या अखेरीस, सहायक प्राध्यापक म्हणून एका बावीस वर्षांच्या तरुणाची नेमणूक झाली होती : ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. ठरावातील ‘सुदिना’कडे पडलेले ते पहिले पाऊल होते.

८/ परंतु योजना पहिल्याच टप्प्यावर अडखळली. प्राध्यापक होते, निधी होता. विद्यार्थी मात्र मोजकेच. उच्च शिक्षणाच्या वर्गात बसण्याइतकी तयारी झालेली मुले शाळेतून यावी लागतात, आणि शाळा व महाविद्यालय यांचे कारभार वेगवेगळे होते. वरचा मजला बांधून झाला होता. त्याला जोडणारा जिना नव्हता.

९/ १८४० मध्ये दुरुस्ती झाली. सोसायटीची इंग्रजी शाळा आणि महाविद्यालयाचे वर्ग एकत्र करून एकच संस्था करण्यात आली. तीच पुढे ‘एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन’ म्हणून ओळखली गेली. कारभार नव्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. त्यात सरकारनियुक्त सभासदांबरोबर तीन हिंदी सभासद होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा.

१०/ या एकत्रीकरणाचे फळ दहा-पंधरा वर्षांत दिसले. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड, विश्वनाथ नारायण मंडलिक ही मंडळी याच संस्थेत घडली. १८४८ मध्ये येथील विद्यार्थी व शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी तिच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्या शाळांचा ठरावात कोठेही उल्लेख नव्हता.

११/ मग तो सुदिनही आला. संस्थेचा विद्यार्थी असलेले दादाभाई प्रथम सहायक प्राध्यापक झाले आणि १८५० च्या दशकाच्या मध्यास गणित व पदार्थविज्ञानाचे पूर्ण प्राध्यापक. हे पद मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १८२७ च्या ठरावापासून मोजल्यास एक पिढी उलटली होती. योजनेने स्वतःला दिलेले वचन कागदोपत्री पुरे केले होते.

१२/ पण दादाभाई त्या पदावर फार काळ राहिले नाहीत. १८५५ मध्ये कामा कुटुंबाच्या व्यापारी पेढीच्या कामासाठी ते इंग्लंडला गेले. त्याच सुमारास सरकारचे शिक्षणखाते स्थापन झाले, १८५६ मध्ये शाळा आणि महाविद्यालय पुन्हा विभक्त झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आले. नेमणुकांचा निर्णय नागरिकांच्या सोसायटीपासून दूर, सरकारी यंत्रणेच्या हाती गेला.

१३/ या बदलाची किंमत एका माणसाच्या चरित्रात स्वच्छ दिसते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. महादेव गोविंद रानडे त्यांचे सहाध्यायी. १८६० च्या दशकाच्या अखेरीस भांडारकर एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले आणि काही वर्षे त्यांनी ते काम उत्तम रीतीने सांभाळले.

१४/ पद कायमचे भरण्याची वेळ आली तेव्हा, १८७३ मध्ये, इंग्लंडहून पीटर पीटरसन यांना आणण्यात आले. भांडारकर सहायकच राहिले. पीटरसन अभ्यासू होते, पुढे दोघांनीही सरकारसाठी संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेतला. प्रश्न त्यांच्या पात्रतेचा नाही. संस्कृत शिकवण्यासाठी संस्कृतचा हिंदी पंडित ‘पूर्ण लायक’ नाही, असे ठरवणारे कोण, हा प्रश्न आहे.

१५/ भांडारकरांना संस्कृतचे कायम प्राध्यापकपद मिळाले ते सुमारे दशकभरानंतर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले, त्याच्याच एका महाविद्यालयात त्यांना कधीकाळी डावलले गेले होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसूंना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ केले गेले, तोही याच व्यवस्थेचा भाग.

१६/ १८२७ च्या योजनेत नेमकी उणीव कोणती होती? पैशाचा भाग तिने बंदिस्त केला : मुद्दल सुरक्षित, खर्च केवळ व्याजाचा. ‘लायक’ कोण, हे कोणत्या कसोटीवर, कोणी आणि केव्हा ठरवायचे, हा भाग मात्र मोकळा सोडला. जोवर निर्णय सोसायटीच्या जवळ होता तोवर वचनाची आठवण राहिली. निर्णय दूर गेला आणि वचन विस्मृतीत गेले.

१७/ एल्फिन्स्टन महाविद्यालय मात्र टिकले. भायखळ्याला सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून इमारत झाली, पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस ते काळा घोडा येथील आजच्या वास्तूत आले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकणारे भीमराव आंबेडकर येथूनच पदवीधर झाले. २०१९ मध्ये ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक झाले.

१८/ आता भिवंडीकडे. गिरण्यांची मुंबई येथून जवळ, तरी या यंत्रमागांच्या शहरात अण्णासाहेब जाधव यांच्या भारतीय समाज उन्नती मंडळाचे बी. एन. एन. महाविद्यालय उभे राहिले ते १९६६ मध्ये. कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय १९८९ मध्ये. दोन्हींमागे पुढाकार स्थानिक संस्थांचा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती.

१९/ २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठावर पाच वर्षांचा आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यात स्थळबिंदू असतात, विद्याशाखा असतात. त्याच वेळी राज्यभरातील महाविद्यालयांत असंख्य वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षक चालवतात. तासाप्रमाणे मानधन, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. १८२७ च्या भाषेत सांगायचे तर वर्ग आहेत, पण प्राध्यापकपदामागे मुद्दल नाही.

२०/ म्हणून भिवंडीसाठी वा अन्य कोणत्याही शहरासाठी आराखडा वाचताना त्या जुन्या ठरावातील तीन प्रश्न उपयोगी पडतात. शिकवणाऱ्याच्या वेतनाची तरतूद किती वर्षांची आहे? खालच्या वर्गांतून येथवर येणारा मार्ग सलग आहे का? आणि दिलेले वचन पाळले गेले की नाही, हे तपासण्याचा अधिकार शहरातील कोणाला आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईकरांनी दोनशे वर्षांपूर्वी शोधले होते. दुसऱ्याचे त्यांनी तेरा वर्षांनी दुरुस्त केले. तिसऱ्याचे राहून गेले, आणि त्याची झळ भांडारकरांसारख्या विद्वानाला सोसावी लागली.