बिली हॉलिडे: पुढचं काय ऐकावं?

एखाद्या गायिकेची चार-पाच प्रसिद्ध गाणी ऐकून होतात, ती मनात रुतून बसतात आणि मग प्रश्न पडतो, आता पुढे काय? बिली हॉलिडेच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. तिचं पहिलं ध्वनिमुद्रण १९३३ सालचं, शेवटचं १९५९ सालचं. आज नेटवर शोधलं की 'सर्वोत्तम बिली' नावाचे ढीगच्या ढीग समोर येतात. त्यांत १९३७ चं गाणं आणि १९५८ चं गाणं शेजारीशेजारी बसवलेलं असतं. एकात बावीस वर्षांची टवटवीत पोर गाते, दुसऱ्यात बेचाळिशीतली, आवाज खरवडून निघालेली बाई. नवख्याला वाटावं, या दोन वेगळ्याच गायिका आहेत!

जाणकारांना विचारावं, तर त्यांच्यातही दोन तट. एक तट म्हणतो, तीसच्या दशकातलं तेवढं ऐका, नंतर सगळी उतरण. दुसरा म्हणतो, शेवटचंच ऐका, त्यात तिचं दुःख आहे. मला दोन्ही सल्ले पुरते पटत नाहीत. मी एक तिसराच प्रश्न विचारून बघतो: हे गाणं गायचं, असं ठरवलं कुणी?

सुरुवात १९३५ पासून करू. जॉन हॅमंडने तिला पियानिस्ट टेडी विल्सनबरोबर ध्वनिमुद्रणाला उभं केलं. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाणी ऐकण्याचे ते दिवस. त्यासाठी स्वस्तात, झटपट रेकॉर्डी हव्या होत्या. स्टुडिओत जमायचं, एका बैठकीत चारेक गाणी उरकायची आणि ठरलेले पैसे घेऊन घरी जायचं. खपावर हिस्सा वगैरे काही नाही. चांगली गाणी बहुधा नावाजलेल्या गोऱ्या कलाकारांकडे जायची, यांच्या वाट्याला पुष्कळदा उरलंसुरलं यायचं.

पण त्या उरल्यासुरल्याचं तिने काय केलं बघा! मूळ चालीतले चढउतार ती कमी करते, एखादा शब्द ठोक्याच्या मागे रेंगाळू देते, आणि आता ही नक्की चुकणार असं वाटता वाटता अलगद जागेवर येते. आपल्याकडे ठुमरी ऐकणाऱ्याला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. जानेवारी १९३७ पासून या बैठकांत लेस्टर यंगचा सॅक्सोफोन आला. तो तिच्या ओळींच्या मधल्या जागांत असा वाजतो, की साथ कुणाची आणि गाणं कुणाचं हे कळेनासं होतं. तिने त्याला 'प्रेझ' म्हटलं, त्याने तिला 'लेडी डे'. तीन मिनिटांच्या तबकडीत एवढं मावतं, याचं आश्चर्य मला आजही वाटतं.

याच काळातली एक पोकळीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३७ मध्ये ती काउंट बेसीच्या वाद्यवृंदात गात होती, पण कंपन्यांचे करार वेगवेगळे, म्हणून स्टुडिओत त्यांची एकही तबकडी निघाली नाही. उरली ती रेडिओवरून टिपलेली मोजकी गाणी. १९३८ मध्ये आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदाबरोबर ती गायली, त्याचंही एकच ध्वनिमुद्रण आहे. म्हणजे आपण ज्याला तिचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यात काय टिकायचं आणि काय विरून जायचं, हे वकिलांच्या कागदांनी ठरवलं.

मग १९३९ साल येतं. एबल मीरोपोल नावाच्या शिक्षकाने काळ्या माणसांना झाडाला टांगून मारण्याच्या प्रकारावर लिहिलेलं 'स्ट्रेंज फ्रूट' ती न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत गाऊ लागली. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला. तेव्हा ती मिल्ट गॅब्लरच्या कमोडोर या छोट्या कंपनीकडे गेली आणि २० एप्रिल १९३९ रोजी ते गायली. गाणं समोर आलं म्हणून गाण्याचे दिवस इथे संपतात. हे तिला गायचंच होतं.

पुढे डेक्का कंपनीत १९४४ साली 'लव्हर मॅन' गाताना तिने गॅब्लरकडे एक मागणी केली: मला मागे व्हायोलिनं हवीत. पट्टीच्या जाझवाल्यांना ती व्हायोलिनं आजही खुपतात. पण जरा विचार करा. ज्या छोट्या बैठकांना आपण अस्सल म्हणतो, त्यांतली गाणी बहुतेक दुसऱ्यांनी निवडलेली. आणि जे तिने स्वतः मागून घेतलं, त्याला आपण बाजारू म्हणतो!

१९४७ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तिला तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर मार्च १९४८ मध्ये कार्नेगी हॉल तुडुंब भरला. पण न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा क्लबांत गाण्यासाठी पोलिसांचा परवाना लागे, तो तिला पुन्हा मिळाला नाही. ज्या शहरात ती घडली तिथल्याच क्लबांची दारं बंद. म्हणून १९५२ पासून नॉर्मन ग्रँझने तिची जी ध्वनिमुद्रणं केली, त्यांचं मोल मला फार वाटतं. बेन वेब्स्टर, हॅरी एडिसन, जिमी रोल्स असे वादक, निवांत लय, आणि एलपीमुळे तीन मिनिटांची घाई नाही. आवाजाची पट्टी आखडली आहे, पण शब्दाचं वजन वाढलं आहे.

आणि शेवटी 'लेडी इन सॅटिन', फेब्रुवारी १९५८. संयोजक रे एलिसला तिने स्वतः निवडलं, पुन्हा व्हायोलिनं मागितली. एलिसने पुढे सांगितलं आहे की आधी त्याला तिचं गाणं पसंत पडलं नव्हतं. काही आठवड्यांनी तयार ध्वनिमुद्रण ऐकलं, तेव्हा त्यातलं मोठेपण कळलं. तो सुरांची बेरीज-वजाबाकी करत बसला होता, ती गाणं सांगत होती.

हा संग्रह 'उद्ध्वस्त बाईचा आक्रोश' म्हणून ऐकायची पद्धत पडली आहे. मला ती आवडत नाही. १९५९ च्या जूनमध्ये आजारी बिलीला इस्पितळाच्या खाटेवरच अटक झाली आणि १७ जुलैला, चव्वेचाळिसाव्या वर्षी ती गेली. हे भयंकरच आहे. पण ती कहाणी गाण्यावर पसरून ऐकली, की गाणारीने घेतलेले निर्णय दिसेनासे होतात. उरतं ते फक्त तिचं सोसणं, आणि दुसऱ्याच्या सोसण्याची चव घेत बसणं काही बरं नव्हे.

तर माझा सल्ला असा. काळ निवडू नका, एक गाणं निवडा आणि ते दोनदा ऐका. 'गॉड ब्लेस द चाइल्ड' १९४१ चं, मग १९५६ चं. 'फाइन अँड मेलो' १९३९ चं, मग ८ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर झालेलं. या दुसऱ्याचं चित्रणही उपलब्ध आहे. त्यात थकलेला लेस्टर यंग ब्लूजचं एकच आवर्तन वाजवतो, मोजक्या सुरांत, आणि बिली त्याच्याकडे बघत मान डोलावते. वीस वर्षांपूर्वीच्या तबकड्यांत जे नुसतं ऐकू येत होतं, ते इथे डोळ्यांना दिसतं.

तिथून मागे जायचं की पुढे, ते मग तुमचं तुम्हाला सुचेल.