मानसोपचारातील वृत्तान्तलेखन : स्मृती, तबकडी आणि अहवाल

मानसोपचाराचे शिक्षण घेणाऱ्यास दुहेरी परिश्रम करावे लागतात. उपचारार्थी व्यक्तीसमोर बसून तो तिचे बोलणे ऐकतो, आणि ती निघून गेल्यावर त्या बोलण्याचा वृत्तान्त लिहून मार्गदर्शकापुढे ठेवतो. मार्गदर्शक बहुधा त्या बैठकीस हजर नसतो. त्याला जे कळते ते वृत्तान्तावरून. शिष्याचे कौशल्य, उपचाराची दिशा आणि कित्येकदा उपचारार्थीचे हित ही सारी त्या दोन-चार पृष्ठांवर अवलंबून राहतात. या लेखनप्रकाराच्या विश्वसनीयतेविषयीची कल्पना गेल्या सव्वाशे वर्षांत कशी पालटत गेली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

या लेखनाचे आद्य नमुने सिग्मंड फ्रॉइड याचे होत. ब्रॉयर याच्यासह १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिस्टेरियाविषयक ग्रंथात, आपले रुग्णवृत्तान्त लघुकथांसारखे वाचले जातात याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले होते. ‘डोरा’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणीचा उपचार १९०० च्या अखेरीस अकस्मात थांबला. फ्रॉइडने तिचा वृत्तान्त लगेच, १९०१ च्या जानेवारीत, मुख्यतः स्मरणातून लिहिला आणि १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. उपचारार्थीच्या मनातील भावसंक्रमण आपण वेळेवर ओळखले नाही, अशी कबुली त्याने या वृत्तान्ताच्या उत्तरलेखात दिली आहे. अपयशाची अशी प्रांजळ नोंद आजही विद्यार्थ्यांस आदर्श वाटावी. पुढे १९१२ मध्ये त्याने असा सल्ला दिला की, बैठक चालू असता टिपणे घेऊ नयेत. टिपण घेणारा नकळत निवड करू लागतो आणि त्याचे ऐकणे एकांगी होते.

परंतु बैठकीनंतर लिहितानाही निवड चुकत नाही. याचा पुरावा फ्रॉइडच्याच कागदपत्रांत सापडला. १९०७ मध्ये सुरू झालेल्या आणि ‘रॅट मॅन’ या नावाने विख्यात झालेल्या उपचाराची त्याची दैनंदिन टिपणे त्याच्या मृत्यूनंतर हाती लागली, आणि १९५५ मध्ये ती इंग्रजीत प्रकाशित झाली. एरवी मूळ टिपणे नष्ट करण्याचा त्याचा प्रघात असल्याने ही टिपणे अपवादभूत आहेत. त्यांत रुग्णाच्या आईचे उल्लेख वारंवार येतात. १९०९ च्या प्रसिद्ध वृत्तान्तात मात्र ती जवळजवळ अदृश्य झाली आहे. यात फसवणुकीचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. लेखकाच्या सिद्धान्तात त्या वेळी पित्याला जे स्थान होते, ते आईला नव्हते. सिद्धान्तात जागा नसलेली व्यक्ती वृत्तान्तातूनही गळून पडली.

१९२० मध्ये बर्लिन येथे मनोविश्लेषणाचे चिकित्सालय सुरू झाले आणि तेथे शिक्षणाला शिस्तबद्ध रूप आले. शिष्याने स्वतः रुग्णावर उपचार करावा व अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली त्याची चर्चा करावी, ही पद्धत तेथे रूढ झाली. याच सुमारास अमेरिकेतील समाजकार्याच्या क्षेत्रातही नोंदलेखनाचे शास्त्र घडत होते. मेरी रिचमंड हिचा सामाजिक निदानावरील ग्रंथ १९१७ चा, तर एडा शेफील्ड हिचा सामाजिक वृत्तान्तलेखनावरील ग्रंथ १९२० चा. मुलाखतीतील संवाद घडला त्या क्रमाने आठवून लिहिण्याची रीत पुढे या क्षेत्रातील शिक्षणाचे प्रमुख साधन बनली. या दोन्ही परंपरांत एक गृहीत समान होते : प्रामाणिक व सावध विद्यार्थ्याची स्मृती पुरेशी असते.

या गृहीताची परीक्षा ध्वनिमुद्रणामुळे झाली. कार्ल रॉजर्स याने १९४० नंतर ओहायो राज्य विद्यापीठात मुलाखती तबकड्यांवर मुद्रित करण्यास आरंभ केला. तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच भरत असल्याने दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. या खटाटोपातून १९४२ च्या त्याच्या ग्रंथात ‘हर्बर्ट ब्रायन’ या टोपणनावाच्या उपचारार्थीच्या आठ मुलाखती समग्र छापल्या गेल्या. त्याच प्रकल्पात बर्नार्ड कॉव्हनर याने समुपदेशकांनी लिहिलेले अहवाल ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिले. अहवालात जे उतरले होते ते बहुतांशी बरोबर होते. परंतु मुलाखतीचा मोठा भाग त्यात उतरलाच नव्हता. दोष मुख्यतः असत्याचा नसून वगळण्याचा होता. तो वाचकाच्या लक्षात येणे अधिक कठीण, कारण गाळलेला मजकूर पृष्ठावर रिकामी जागा सोडून जात नाही.

शब्दशः नोंद मिळाली म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही. रॉजर्सने १९६१ च्या ग्रंथात एक आठवण सांगितली आहे. रॉचेस्टर येथील आरंभीच्या काळात एका मुलाखतीची जवळजवळ शब्दशः छापलेली नोंद तो उत्तम कौशल्याचा नमुना म्हणून शिकवीत असे. काही वर्षांनी तीच नोंद पुन्हा वाचताना तो हादरला. मुलाखत घेणाऱ्याने वकिली चातुर्याने आईकडून अपराधाची कबुली काढली होती, असे त्याला आता दिसले. नोंदीतील अक्षरही बदलले नव्हते. बदलला होता तो वाचणारा.

समाजकार्याच्या अमेरिकन परंपरेचा एक प्रवाह मुंबईस आला. क्लिफर्ड मॅनशार्ट याच्या पुढाकाराने १९३६ मध्ये तेथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले, १९३७ मध्ये त्याच्याशी संलग्न बालमार्गदर्शन केंद्र निघाले, आणि १९४४ मध्ये विद्यालयास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. महाराष्ट्रात या लेखनाला एक निराळी अडचण आहे. बैठक मराठीत होते, तर अहवाल पुष्कळदा इंग्रजीत लिहिला जातो. ‘माझा जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात राग जातो’, ‘कशात मन लागत नाही’ या वाक्यांत भावना माणसाकडून केली जात नाही. ती त्याच्या ठायी घडते. इंग्रजी अहवालात बोलणारा त्या भावनेचा कर्ता किंवा धनी होतो, आणि एका विकाराचे नाव त्याच्या वाक्याची जागा घेते. त्याहून गंभीर हानी ‘म्हणे’ या लहानशा अव्ययाची होते. ‘नवरा म्हणे रात्री घरी नव्हता’ असे सांगणारी स्त्री ती ऐकीव गोष्ट आहे हे त्याच श्वासात कळविते. अहवालातून ‘म्हणे’ गळले की ऐकीव गोष्टीची घटना होते आणि पुढील वाचक तिला पुरावा समजतो.

हा वाचक आता केवळ मार्गदर्शक राहिलेला नाही. भारतातील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा, तसेच स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. जिच्याविषयी लिहिले, तीच व्यक्ती उद्या काही नोंदी वाचू शकेल, या जाणिवेने लिहिणे हे विद्यार्थ्यावरील नवे बंधन आहे.

वृत्तान्त संपूर्ण असावा ही अपेक्षा इतिहासाने खोटी ठरविली आहे. तथापि उपचारार्थी काय बोलली, तिने दुसऱ्याकडून काय ऐकले होते आणि लिहिणाऱ्याने त्यावरून काय ताडले, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे प्रत्येक विद्यार्थ्यास शक्य आहे. तिचे एखादे तरी वाक्य तिच्याच भाषेत, तिच्याच शब्दक्रमाने अहवालात राहिले, तर मार्गदर्शकाला शिष्याचे अनुमान तपासून पाहण्यास आधार उरतो. आणि तो नोंद स्वतः वाचू लागलेल्या उपचारार्थीलाही आपली ओळख तेथे पटते.