२६० डॉलरची गोष्ट : पगाराला मर्यादा घालतं कोण, आणि कुणासाठी?

आयपीएलचा लिलाव जवळ आला की 'यंदा पर्स किती?' यावर कट्ट्यावर चर्चा रंगते. याच प्रश्नाचा अमेरिकेतला एक जुना इतिहास मजेशीर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण शेवटी विषय आपल्यापर्यंत येतोच.

साल १९८०, न्यूयॉर्क. डॅनियल ओक्रेंट नावाचा संपादक आणि त्याचे बेसबॉलवेडे मित्र 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमायचे. त्यांनी एक खेळ काढला. खऱ्या खेळाडूंचा आपसांत लिलाव करायचा आणि हंगामभर ते मैदानावर जशी कामगिरी करतील तसे आपल्याला गुण. रेस्टॉरंटवरून नाव पडलं 'रोटिसरी लीग'. आजचं फॅन्टसी बेसबॉल इथून वाढलं. त्यात रूढ झालेला नियम असा : प्रत्येक मालकाने २३ खेळाडू २६० डॉलरमध्ये बसवायचे.

हे खूळ तेव्हाच डोक्यात यावं यात मला नवल वाटत नाही. त्याआधी जवळपास शतकभर बेसबॉलपटू एका संघाला बांधलेला असायचा, संघ सोडायची मुभाच नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी ती बेडी तोडली. खेळाडू बाजारात मोकळे झाले आणि 'याची खरी किंमत किती?' हा प्रश्न प्रत्येक चाहत्याच्या तोंडी आला. १९८० मध्ये सरासरी पगार दीड लाख डॉलरच्या आत होता. आता तो ५० लाखांच्या घरात आहे.

आणि फॅन्टसी लीगमधली मर्यादा? बहुतेक ठिकाणी आजही २६०च!

म्हणजे तिथे महागाई नाही? आहे, पण ती वेगळ्या दाराने येते. अनेक लीगमध्ये गेल्या वर्षीचे काही खेळाडू जुन्याच भावात राखता येतात. हिशोब बघा. १२ संघ, प्रत्येकी २६०, एकूण ३,१२० डॉलर. समजा १,००० डॉलर किमतीचे खेळाडू ६०० मध्ये राखले गेले. बाजारात माल उरला २,१२० चा, पण खिशात पैसे २,५२०. झाली १९ टक्के महागाई! ३० डॉलरचा फलंदाज आता ३६ ला जातो. आकडा तोच, पण रुपया, म्हणजे डॉलर, पातळ झाला.

दुसरी गंमत हंगामाच्या मध्यात. हरत आलेला मालक पुढच्या वर्षाच्या आशेवर महागडे तारे जिंकणाऱ्याला देऊन टाकतो आणि स्वस्त पोरं घेतो. त्यावर आरडाओरडा झाला, म्हणून कित्येक लीगनी लिलावासाठी २६० ठेवून हंगामासाठी वेगळी, वरची मर्यादा आणली.

पण एक लक्षात घ्या. या खेळात मर्यादा वाढली नाही तरी कुणाचं पोट मारलं जात नाही. पैसा गोल फिरतो, सगळ्यांना सारखाच. मर्यादा असते ती निव्वळ चुरशीसाठी.

खऱ्या बेसबॉलच्या मालकांनीही हेच कारण पुढे केलं : छोट्या शहरांचे संघ टिकायला हवेत, पगाराला मर्यादा हवी. खेळाडूंची संघटना ठाम राहिली. १२ ऑगस्ट १९९४ ला संप सुरू झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९०४ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. वसंतात न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला तेव्हा खेळ सुरू झाला. याच बाई पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

कडक मर्यादा आली नाही, पण मागच्या दाराने 'लक्झरी टॅक्स' आला. ठरावीक रकमेवर खर्च केलात तर दंड भरा. ती रेषा २००३ मध्ये ११.७ कोटी डॉलर होती, २०२४ मध्ये २३.७ कोटी. २०२२ ची वाढ तर ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर मिळाली. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे भांडण पुन्हा उकरलं जाणार.

आता आपल्याकडे या. २०१८ मध्ये आयपीएलच्या संघाची पर्स ८० कोटी, २०२५ च्या लिलावाला १२० कोटी. दीडपट! बातम्यांत काय कौतुक झालं. संघही आठाचे दहा झाले आणि सामन्यागणिक मानधनही सुरू झालं. हे सगळं धरलं तरी खेळाडूंसाठीची एकूण रक्कम साधारण दुप्पट होते.

आणि प्रसारण हक्क? २०१८ ते २०२२ साठी १६,३४७.५ कोटी, २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटी. दोन्ही पाच वर्षांचे. जवळपास तिप्पट.

फरक एवढाच की तिकडे प्रत्येक आकड्यामागे वाटाघाटी, संप, कोर्ट आहे. इकडे सध्या खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंची मंडळाशी मोलभाव करणारी संघटनाच नाही. पर्स किती ते मंडळ ठरवतं आणि आपण टाळ्या वाजवतो.

कोट्यधीशांसाठी गळा काढायचा नाहीये मला. २७ कोटीवाल्याची काळजी नकोच. पण ३० लाखाच्या मूळ किमतीवर बसलेला, दोन हंगामांत विसरला जाणारा रणजी खेळाडूही याच पर्समधून जेवतो.

तेव्हा पुढच्या वेळी 'पर्स वाढली' असं वाचाल तेव्हा एकच विचारा : कशाच्या तुलनेत? आणि हा प्रश्न स्वतःच्या पगारवाढीच्या पत्रालाही लावून बघा.